बेटावर तणस चालत नाही

सकाळचा चहा झाला की ताराचंद फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "शून्य!"

समोरच्या गच्चीवरून चंपतराव विचारायचा, "म्हंजे आजही नाबाद?"

"हाव! नाबाद!"

मग पलीकडच्या घरातून कोणीतरी शिटी मारायचं आणि नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्या लेआउटचा दिवस सुरू व्हायचा. टाळेबंदीचा मे महिना होता. नळाचं पाणी सकाळीच चटके द्यायचं. दुकानं बंद, लग्नं बंद, शाळा बंद. टीव्हीवर नागपूरच्या रुग्णांचे आकडे रोज वाढत होते आणि ते ऐकून माणसं गप्प होत होती. पण ताराचंदचा आकडा नागपूरचा नव्हताच. तो तालिमोआ नावाच्या देशाचा होता. देश म्हणजे पॅसिफिक महासागरातलं एक बेट. माणसं इतकी कमी की नागपूरच्या एका वॉर्डात जास्त निघतील. एक दवाखाना, बोटी लागायचा एक धक्का आणि एक विमानपट्टी. विमान नसलं की त्या पट्टीवर पोरं फुटबॉल खेळतात. देशाचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गल्लीनं त्याला 'भूमिकाचं बेट' म्हणायला सुरुवात केली.

भूमिका ही ताराचंदची एकुलती एक मुलगी. नर्स होती. तिचा नवरा रजत बोटीवरचा इंजिनियर. त्याला त्या बेटाच्या मालवाहू बोटीवर नोकरी लागली, तिला तिथल्या दवाखान्यात लागली, आणि दोघं दोन वर्षांपूर्वी सामान बांधून गेले.

त्या बेटाची एक रीत होती. बाहेरून येणाऱ्या माणसाचे जोडे ते धक्क्यावरच धुऊन घ्यायचे. पूर्वी कधीतरी परदेशी सामानातून आलेल्या एका भुंग्यानं त्यांची निम्मी नारळाची झाडं खाल्ली होती, तेव्हापासून ही रीत पडली. धक्क्यावर एक म्हातारा तपासनीस भिंग घेऊन बसायचा आणि प्रत्येक पेटी, प्रत्येक पिशवी उघडून बघायचा. महामारीची बातमी आली तेव्हा तो म्हातारा रेडिओवर म्हणाला म्हणे, "हाही एक किडाच. फक्त माझ्या भिंगात दिसत नाही." आणि साऱ्या देशानं दार लावून घेतलं. विमान बंद. माणसांची ये-जा बंद. बाहेरचा माल महिन्यातून एकदा दुसऱ्या देशाच्या बोटीनं येणार, तोही आधी धक्क्यावर उन्हात पडून राहणार, मग म्हातारा उघडणार, मगच गावात जाणार.

हे ऐकून चंपतराव खूश झाला होता. तो लग्नाचा डेकोरेटर. "पाय गा," तो म्हणाला होता, "ते लोक पाहुण्यायचे जोडे धुतात. आपल्या इथं पळवतात."

पण दार लागलं तेव्हा रजत दाराच्या बाहेर राहिला होता.

त्याची बोट माल आणायला दुसऱ्या देशात गेलेली. परत आली तर बेट बंद. सरकारनं सांगितलं, खडकांच्या पल्याड नांगर टाका. दवाखान्यात बारा खाटांचा वेगळा वॉर्ड उभा राहील, प्रत्येक खाटेपाशी ऑक्सिजन लागेल, मग तुम्हाला उतरवू. त्या बोटीवर एका मंत्र्याचा सख्खा भाऊ होता. त्यालाही हाच नियम. जेवणखाण छोट्या होडीतून जायचं आणि दोरीला बांधलेल्या पिंपात ठेवलं जायचं. संध्याकाळी भूमिका किनाऱ्यावर उभी राहून ओढणी हलवायची. बोटीवरून रजत हात हलवायचा. तिथून तो अंगठ्याएवढा दिसतो, असं ती सांगायची.

आणि आता रजतच्या खोलीत झोपणारा बोटीवरचा आचारी खोकायला लागला होता.

ताराचंदची बायको प्रेमिला थंडीत गेली. भूमिका धावत आली, तेरवी करून परत गेली, आणि त्यानंतर महिन्याभरात जगाचीच दारं बंद झाली. ताराचंद एकट्यासाठी भात लावायचा आणि दर वेळी जास्त लागायचा. गेलेलं माणूस तर येत नाही. पण आता जावयाला काही झालं तर पोरगी समुद्राच्या मध्ये एकटी उरेल, आणि आपल्याला हुडकेश्वरच्या चौकाच्या पुढेही जाता येत नाही, हे त्याला आतून कुरतडत होतं.

बेटावर सगळं तयार होतं. खाटा होत्या, सिलिंडर होते. नव्हती ती सिलिंडरवर बसवायची मीटरं. काचेच्या नळीचं वीतभर यंत्र. रोग्याला किती ऑक्सिजन जातो ते त्यावर कळतं. ते नसेल तर भरलेला सिलिंडर नुसता लोखंडाचा खांब. साऱ्या जगाला तेव्हा तीच मीटरं हवी होती आणि मोठ्या कंपन्या एवढ्याशा देशाचा फोनही उचलत नव्हत्या. मग भूमिकाला तिच्या वर्गातला दुर्गेश आठवला. हिंगण्याला त्याचा छोटा कारखाना होता आणि तो हीच मीटरं बनवायचा.

दुर्गेशनं बनवून दिली. सरकारी परवानगी मिळवली, टेम्पोवर 'अत्यावश्यक सेवा' असा कागद चिकटवला. अडलं ते पॅकिंगवर. फोमवाला बंद, प्लॅस्टिकवाला बंद. त्यानं ताराचंदला फोन केला, "काका, काच आहे. नुसती खोक्यात टाकली तर मुंबईलेच चुरा होईल."

ताराचंद उभाच राहिला. "अबे, मले आधी नाही सांगायचं? तीस वर्षं कळमन्याच्या मंडीत संत्रं बांधलं मी. दिल्लीपर्यंत फळाले नख नाही लागलं. काचेची नळी का चीज आहे!"

माल जाण्याच्या दिवशी सकाळीच दुर्गेश टेम्पो घेऊन त्याला न्यायला आला. ताराचंदनं मागच्या लेआउटमधल्या गायवाल्याकडून धानाचं तणस आणून ठेवलं होतं, चांगला कोरडा, सोनेरी पेंढा. कारखान्यात त्यानं खोक्याच्या तळाला तणसाची गादी घातली. मग मूठभर तणस घेऊन त्याची चुंबळ वळली, मीटर त्या चुंबळीत बसवलं, वर पुन्हा तणस. मंडीत प्रेमिला चुंबळ वळायची आणि तो फळ ठेवायचा. आता दोन्ही कामं त्यालाच करावी लागत होती, पण हात चुकले नाहीत. सहा खोके भरले. कारखान्यातली करिष्मा बघतच राहिली. "काका, मशीनपण असं नाही करत!"

"मशीनले बायको नसते ना," ताराचंद म्हणाला. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदा हसला होता.

खोके टेम्पोत चढले. संध्याकाळच्या मालविमानानं मुंबई, तिथून उद्या मदतीचं विमान, मग महिन्याची बोट. दुर्गेश गाडी सुरू करणार एवढ्यात ताराचंद म्हणाला, "थांब गा. पोरीले दाखवू दे."

भूमिकाचा चेहरा फोनवर आला. मागे नारळाची झाडं, वाऱ्याचा घोंगाट.

"पाय वं बेटा! तुया बापानं कसं बांधलं ते पाय!" त्यानं एका खोक्याचं तोंड उघडून फोन आत धरला.

"बाबा, ते पिवळं पिवळं का आहे?"

"तणस. एक नंबर. हाताले कसं कडक लागते."

भूमिकानं चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला.

"माय वं! बाबा, तुम्ही गवत भरलं?"

"गवत कुठी? तणस आहे."

"तणस म्हणजे गवतच ना, बाबा! धक्क्यावर त्या म्हाताऱ्याले एक काडी जरी दिसली तर तो अख्खा खोका जाळते. आतल्या मालासकट!"

दुर्गेश गाडीतून उतरला. "भूमिका, तू लाकूड चालत नाही म्हणाली होती. म्हणून तर आम्ही पेट्या नाही घेतल्या. पुठ्ठ्याचे खोके घेतले."

"पुठ्ठा चालते. पण लाकूड नाही, गवत नाही, पान नाही, बी नाही! जमिनीतून उगवलेलं जसंच्या तसं काहीच चालत नाही! मले का माहीत की तुम्ही संत्र्याची पेटी भरसान!"

खरं सांगायचं तर तणस म्हणजे गवत, हे ताराचंदच्या डोक्यात आलंच नव्हतं. शेतात असतं तोवर ते धानाचं. मंडीत आलं की ते पॅकिंग. इतकी वर्षं त्यानं त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

"आचारी कसा आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"ताप चढला आहे," भूमिका म्हणाली. "रजत बोलला सकाळी. बाबा, हे विमान चुकलं तर बोट चुकते. बोट चुकली तर एक महिना." मग तिनं भराभर सांगितलं, "सगळं बाहेर काढा. हवा मारून साफ करा. दुसरं काहीतरी भरा. कायपण भरा, उगवलेलं नको!"

करिष्मानं तेवढ्यात एक खोका उतरवलाही होता. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि काड्या उडायला लागल्या. ताराचंद मात्र मध्येच उभा. आपल्याला येणारी एकच गोष्ट आपण मन लावून केली आणि तीच जाळायच्या लायकीची निघाली. पण खंत करायलाही वेळ नव्हता. बाजार बंद. जे मिळेल ते कोणाच्या तरी घरातच मिळणार. म्हणून तो आपल्या गल्लीत मनानंच घर घर फिरायला लागला. इथं काय पडलंय? तिथं काय पडलंय? आणि समोरच्या घरापाशी येऊन थांबला.

त्यानं फोन लावला. "चंपतराव, तुये हत्ती पायजे मले."

"कोणाचं लग्न लावून राहिला बे? पोलीस उचलतीन."

"लग्न नाही. कापायचे आहेत."

"काय?"

"थर्माकोल पायजे. खोक्यात भरायले. तणस चालत नाही म्हणते पोरगी."

चंपतरावाचे चार हत्ती होते, कमरेएवढे, सोंड वर केलेले, आणि दोन मोर. सगळे त्यानं स्वतःच्या हातानं कोरलेले. या हंगामासाठी नवीन रंग दिला होता आणि हंगाम आलाच नाही.

"ताराचंद," तो म्हणाला, "दुसरं काही माग गा."

मागून त्याची बायको देवकी बोलली. तिनं फोन हिसकावलाच असावा. "भाऊजी, तुम्ही या. मी हत्ती बाहेर काढून ठेवते. दोन महिन्यापासून हॉलमध्ये उभे आहेत मेले, झाडू मारता येत नाही!" मग नवऱ्याकडे वळून, "रजत तिकडे समुद्रात लोंबकळून राहिला आणि तुमाले सोंडीची पडली?"

हिंगण्याहून हुडकेश्वरपर्यंत रिकाम्या रिंग रोडनं टेम्पो सुसाट निघाला. ताराचंदला हिंगण्याच्या पाळ्या सुटतानाची गर्दी माहीत होती, मोटारसायकली आणि कंपनीच्या बसा. आज रस्त्यावर त्यांची सावली तेवढी पळत होती. गल्लीत शिरले तर हत्ती खरोखरच दाराबाहेर रांगेत उभे, आणि गच्च्यांवर माणसं. सगळ्यांना कळलं होतं. कोणी दोरी टाकली, कोणी फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल वरून फेकलं. एका म्हातारीनं कूलरच्या गवताच्या जाळ्या द्यायला काढल्या, तिला दहा जण एकदम ओरडले, "आजी, गवत नाही!"

चंपतराव तोंडाला गमछा बांधून मागे चढला. "मीपण येतो. माह्या हत्तीवर दुसऱ्यानं सुरी चालवलेली मले पाहवणार नाही."

नाक्यावर अडवलं. हवालदार बाई काठी घेऊन पुढे आल्या. टेम्पोत चार हत्ती, दोन मोर आणि त्यांच्या मध्ये तोंड बांधलेला चंपतराव.

"वरात कुठं चालली?"

"वरात नाही मॅडम, अत्यावश्यक सेवा," दुर्गेश म्हणाला.

"हत्ती अत्यावश्यक?"

ताराचंद सगळं एका दमात सांगायला लागला. बेट, बोट, आचारी, जावई, म्हातारा, तणस. बाईंना त्यातला एकही शब्द पटला नाही. दारूची दुकानंही बंद होती आणि लोक दुधाच्या कॅनमधून, पाण्याच्या टँकरमधून बाटल्या नेत होते. त्यांनी एका हत्तीच्या पोटात काठी खुपसली. आत काहीतरी टक्क वाजलं.

"हे काय? काय भरलंय आत?"

"बाटली नाही वं माय," चंपतराव कळवळला, "बांबू आहे! सांगाडा बांबूचा असते, नाही तर हत्ती उभा कसा राहीन?"

ताराचंदनं डोक्याला हात लावला. "बांबू! अबे चंपत, बांबू उगवते ना!"

"तर का वरून टपकते?"

वाटेत भूमिकाला पुन्हा लावलेला फोन चालूच होता. खिशातून भूमिका ओरडली, "बाबा, बांबू नाही! बांबूची एक चीप नाही!"

हवालदार बाईंनी हात पुढे केला. ताराचंदनं फोन दिला. दोघी बोलल्या. बाई आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "नवरा दिसतो का किनाऱ्यावरून?" आणि तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, त्यांनी फोन परत दिला, बॅरिकेड स्वतः ओढलं आणि म्हणाल्या, "पळा. आणि बांबू नीट काढा."

कारखान्यात पोचले तेव्हा करिष्मानं सगळी मीटरं साफ करून पुसून चादरीवर मांडली होती. तणसाचा ढीग आवाराबाहेर. ताराचंद पुढे सरसावला तर फोनमधून हुकूम आला, "बाबा, तुम्ही थांबा. तुमच्या शर्टाले काड्या आहेत."

त्यानं शर्ट काढला.

"बनियनले पण आहे. केसात पण."

"अवं, इतक्या लोकायसमोर?"

"इथं मंत्र्यालेपण नळाखाली उभं करतात. जा, आंघोळ करा!"

म्हणून ताराचंदनं कारखान्याच्या नळाखाली, उन्हानं तापलेल्या पाण्यात, पँटसकट आंघोळ केली आणि दुर्गेशचा निळा कोट घालून आला. तोवर चंपतरावानं बाहेरच हत्ती आडवा पाडला होता. तो एका हातानं बांबू उपसत होता, दुसऱ्या हातानं गरम तारेनं थर्माकोल कापत होता आणि तोंडानं हत्तीची माफी मागत होता. "माफ कर बापा. तुले तर मी आमदाराच्या पोरीच्या लग्नात उभा करणार होतो." पांढरे दाणे उडून सगळ्यांच्या भुवयांवर बसले. भर मे महिन्यात पाच-सहा माणसं बर्फात काम केल्यासारखी दिसत होती. सगळेच हसत होते आणि हात मात्र कोणाचा थांबत नव्हता.

"तुकडे नको करू," ताराचंद म्हणाला. "गोल काप. मधात भोक ठेव. चुंबळीसारखं."

"आता चुंबळ शिकव मले!"

"शिकवून राहिलो ना! हां, अशी. आता पाय."

मीटर त्या पांढऱ्या चुंबळीत घट्ट बसलं. त्यानं खोका उचलून हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. नाहीच.

विमानतळाच्या मालघराचं शटर अर्धं खाली आलं होतं. दुर्गेशनं टेम्पो त्याच्यासमोर नेऊन असा थांबवला की आतला माणूस बाहेरच आला. वजन झालं, शिक्का झाला. "आत काय आहे?" माणसानं विचारलं.

"ऑक्सिजनचे मीटर," दुर्गेश म्हणाला.

"अन् चार हत्ती," चंपतराव म्हणाला.

ते तिघं विमानतळाशेजारच्या मिहानच्या मोकळ्या रस्त्यावर टेम्पो लावून थांबले. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा चंपतरावानं गमछा काढून हलवला. ताराचंदनंही हात हलवला. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग गल्लीला नवीन बातम्या मिळायला लागल्या. "मुंबईहून उडालं!" "बोटीत चढलं!" "बोट धक्क्याले लागली!" पण एका सकाळी ताराचंद फाटकाशी आला आणि ओरडलाच नाही. चंपतराव गच्चीवरून खाली उतरून त्याच्या फाटकापर्यंत आला.

"का झालं?"

"एक," ताराचंद म्हणाला. "आचारी. होडीतून नर्स गेली होती तपासायले. त्यालेच निघाला."

"अन् रजत?"

"त्याचं अजून काही नाही. पण त्याच खोलीत झोपते ना तो."

बेटावर त्या दिवशी दुसरं काही बोललं जात नव्हतं. इतके दिवस सांभाळलेलं शून्य गेलं होतं, तेही बोटीवर, दाराच्या बाहेर. काही लोक म्हणाले, बोट तशीच राहू द्या. ज्यांची माणसं बोटीवर होती ते सरकारी कचेरीसमोर अंतर ठेवून बसले. मग संध्याकाळी पुन्हा तो म्हातारा रेडिओवर बोलला. भूमिकानं फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला होता, "पेटीत किडा निघाला तर मी पेटी जाळतो. माणसाच्या अंगावर निघाला तर माणूस जाळतो का? जोडे धुतो आणि घरात घेतो. वॉर्ड तयार असेल तर उतरवा." सरकारनं सांगितलं, वॉर्ड तयार होण्यात आता फक्त सहा खोके आडवे आहेत. उद्या उघडा.

दुसऱ्या दिवशी ताराचंदच्या अंगणात गल्ली जमली. अंतर ठेवून, तोंडं बांधून. दुर्गेशनं फोन मोठ्या टीव्हीला जोडून दिला होता. धक्क्यावर टेबल मांडलं होतं आणि म्हातारा हातमोजे चढवत होता. बारीक, काळासावळा, डोक्यावर पानाची टोपी.

"याच्या डोक्यावर पान चालते का मग?" चंपतराव पुटपुटला.

"चूप बसा," देवकी म्हणाली. "ते त्याच्या घरचं पान आहे."

पहिला खोका उघडला. म्हाताऱ्यानं एकेक पांढरी चुंबळ उचलून भिंगाखाली धरली. फिरवली. नखानं खरवडली. त्याला घाई नव्हती. दुसरा खोका. तिसरा. चौथ्या खोक्यातून त्यानं एक मोठा तुकडा काढला, सोनेरी किनारीचा, आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. त्यानं भूमिकाला काहीतरी विचारलं.

"बाबा," भूमिका म्हणाली, "हे काय आहे विचारून राहिला."

"कान," चंपतराव ओरडला. "हत्तीचा डावा कान!"

तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं तो कान आपल्या कानाला लावून पाहिला आणि त्याचे सगळे दात दिसले. मग पाचवा खोका, सहावा. शेवटी त्यानं हातमोजे काढले, शिक्का घेतला आणि सहाही खोक्यांवर दणादण मारला.

अंगणातला आवाज चौकापर्यंत गेला असणार. ताराचंदला कळलंच नाही की आपण चंपतरावाला मिठी मारली आहे. देवकी ओरडली, "अंतर! अहो, अंतर!"

त्याच दुपारी, तिथली संध्याकाळ असताना, बोट आत आली. सगळे पुन्हा टीव्हीसमोर. भूमिका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात होती, तिला ताराचंदनं चालण्यावरून ओळखलं. फोन दुसऱ्या नर्सनं धरला होता. आधी आचाऱ्याला झोळीतून उतरवलं. त्याला तिथंच मीटर लावलेला सिलिंडर जोडला आणि गाडी दवाखान्याकडे निघाली. मग बाकीचे, एकामागून एक, दोन दोऱ्यांच्या मधून. प्रत्येकानं जोडे काढायचे, पाय धुवायचे आणि भूमिकासमोर उभं राहायचं. ती नाव विचारायची, ताप विचारायची, हातातल्या कागदावर खूण करायची आणि वॉर्डकडे बोट दाखवायची. मंत्र्याचा भाऊ असाच पुढे गेला.

रजत पाचवा की सहावा होता. दाढी वाढलेली, वाळलेला, पण स्वतःच्या पायावर. पाय धुऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. दोघांच्या मध्ये टेबलाची लांबी.

"नाव?" भूमिकानं विचारलं.

"काहून, विसरली का?"

"नाव सांगा."

"रजत."

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही." तो जरा पुढे झुकला. "काहून रडून राहिली वं?"

"मी नाही रडत. चष्म्यात वाफ आहे. जा सरळ. सातव्या नंबरची खाट."

"अजून एक डाव नाव विचार ना."

"रजत, मागं लोक उभे आहेत!" तिनं बोट वॉर्डकडे केलं, आणि आवाज चढवून ओरडली, "पुढचा!"

हुडकेश्वरमध्ये ताराचंद खुर्चीवरून उठला होता. दोन्ही हात वर, डोळे वाहताहेत. त्यानंही तसाच आवाज चढवला, गच्च्या दणाणतील असा, "पुढचा! अगा, सोडा लवकर लवकर, पुढचा!"